फोटोच्या कडेला

दादासाहेब फाळके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोध्र्यात फोटोग्राफर होते. १९००च्या सुमारास प्लेग आला आणि फाळक्यांची पत्नी आणि मूल, दोघांनाही घेऊन गेला. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले. तिथे त्यांनी पुन्हा फोटोग्राफी सुरू केली, पण धंदा काही चालत नव्हता. कॅमेऱ्यासमोर बसले की अंगातली शक्ती त्या पेटीत ओढली जाते आणि माणूस लवकर मरतो, असा लोकांचा पक्का समज होता.

त्यांच्या चरित्रात इथून पुढे सगळ्यांची धाव असते ती ३ मे १९१३कडे. गिरगावातले कॉरोनेशन थिएटर, 'राजा हरिश्चंद्र', भारतीय चित्रपटाचा जन्म वगैरे. मला मात्र त्याच्या वर्षभर आधीच्या एका कुंडीपाशी थांबावेसे वाटते. १९१२च्या सुरुवातीला फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आता भांडवल हवे होते, आणि भांडवल देणाऱ्याला या यंत्रातून काय निघते ते दाखवायला हवे होते. दुसरा कोणी असता तर त्याने एखादी मिरवणूक टिपली असती, निदान चौपाटी तरी. फाळक्यांनी घरात कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर मुक्कामाला ठेवला आणि महिनाभर ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. त्यातून निघाली मिनिटभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढू लागतो. ती पाहून कर्ज देणारे मिळाले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही त्याच कामी आले.

त्या रोपाचा गोध्र्यातल्या मरणांशी संबंध जोडणे हा माझा आगाऊपणा ठरेल. पण कॅमेरा जीव ओढून घेतो हे ऐकत ज्याने उमेदीची वर्षे काढली, त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यातून आधी काढून दाखवले ते जीव धरणारे रोप, एवढे नोंदवायला हरकत नाही.

देवही फाळक्यांनी असेच घराच्या आसपासचे घेतले. 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. हे साळुंके मूळचे ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते. तरीही पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातल्या चपला काढत, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले आहे. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला आधी नुसता तिचाच चेहरा दिसतो. ती हसते, रागावते, रुसते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेश येतो. ही आमची पोर आहे हे प्रेक्षकाला उघड सांगून टाकायचे, आणि त्यानंतर त्याने हात जोडायचे. लोकांनी जोडले.

फोटोशी मराठी माणसाचे नाते मला या दृश्यात सापडते. समोर काय आहे हे त्याला नीट माहीत असते. कागद आहे, काच आहे, शेजारच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याने काढलेला आहे. तरी तो उदबत्ती ओवाळतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

*

पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ साली सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांत होते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दोन्हीकडे देवांची चित्रे छापली जात. या छापील देवांनी एक मोठा बदल केला. देऊळ ज्यांना लांब होते, किंवा ज्यांना देवळात येऊच दिले जात नव्हते, त्यांच्या घरात चेहरा असलेला देव आला. बायकांनी त्या चित्रांवर जर चिकटवली, टिकल्या लावल्या, लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी नेसवली. जुन्या वाड्यांत अशी सजवलेली चित्रे आजही निघतात. कलेच्या इतिहासकारांनी रविवर्म्यावर पुष्कळ लिहिले आहे. त्या टिकल्या चिकटवणाऱ्या हातांवर त्या मानाने फार थोडे.

फोटोने आणखी एक गोष्ट केली. संतांना खरा चेहरा दिला. ज्ञानेश्वर, तुकाराम यांचे चेहरे चित्रकारांच्या मनातले. पण अक्कलकोटचे स्वामी समर्थ, शेगावचे गजानन महाराज, गोंदवलेकर महाराज आणि शिर्डीचे साईबाबा, हे सगळे १८७८ ते १९१८ या चाळीस वर्षांत गेले. म्हणजे ते कॅमेऱ्याच्या काळातले. त्यांचे फोटो आहेत. ते कुठल्याही मापाने सुबक नाहीत. कपडे चुरगळलेले, नजर भलतीकडे, बैठक ओबडधोबड. भक्तांना नेमके तेच आवडते. महाराज असेच बसायचे, असे सांगता येते. शिर्डीची संगमरवरी मूर्ती १९५४ साली बसली. ती घडवणाऱ्या बाळाजी वसंत तालीम यांच्या हाती आधाराला फोटोच होता. आधी मूर्ती आणि मग तिचा फोटो, हा क्रम इथे उलटा झाला.

(स्वामींचा फोटो कोडॅकच्या मालकाने काढला, अशी एक आख्यायिका मोबाइलवर फिरत असते. स्वामींनी देह ठेवला १८७८ साली. कोडॅक हे नाव बाजारात आले १८८८ साली. श्रद्धेला असल्या टेकूंची गरज नसते.)

पंढरपुरात रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते आणि विठोबासमोर क्षणभर. पायावर डोके टेकते न टेकते तोच मागून ढकलतात. त्यानंतर माणसे बाजारात येतात, चुरमुरे-बत्तासे घेतात, आणि त्यांतली काही एखाद्या स्टुडिओत शिरतात. तिथे मागे विठ्ठल-रखुमाई असतात. नवरा-बायको त्यांच्या शेजारी उभी राहतात, कुणी विठ्ठलासारखे कमरेवर हात ठेवतो. गाभाऱ्यात घाईत हुकलेले इथे सावकाश मिळते. शहाण्या माणसांना या फोटोचे हसू येते. मला तो फोटोग्राफीच्या सगळ्यात प्रामाणिक उपयोगांपैकी एक वाटतो. 'मी तिथे होतो' एवढेच तो सांगतो, आणि ते खरे असते.

देवघर नसलेल्या घरांतही भिंत असते. बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी बुद्ध, ही जोडी महाराष्ट्रातल्या लाखो घरांत दारातून शिरताच दिसते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या ठेल्यांशेजारी फोटोंचे ठेले लागतात आणि लांबून आलेली माणसे ते फोटो छातीशी धरून परतीची गाडी पकडतात. बाबासाहेबांचे बहुतेक मूळ फोटो कृष्णधवल आहेत. त्यांच्या कोटाचा निळा रंग नंतर चित्रकारांनी आणि लोकांनी मिळून भरला. वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरांत पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली दिवा असतो, मुसलमान घरांत मक्का-मदिनेचे चित्र असते. धर्म कोणताही असो, बसायच्या खोलीत एक जागा अशी असते की तिच्याकडे पाठ करून बसायला नको वाटते.

*

आता गेलेल्या माणसांच्या फोटोंकडे येऊ. यांचे नियम घरोघर ठरलेले. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नाही. पितरांचा फोटो देवघरात ठेवायचा नाही. पुष्कळ घरांत तो दक्षिणेच्या भिंतीला. पितृपंधरवड्यात काच पुसायची, चंदनाचा किंवा प्लास्टिकचा हार बदलायचा, नैवेद्याचे ताट आधी तिथे दाखवायचे.

पण तो फोटो येतो कुठून? मध्यमवर्गीय वाचकाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्याकडे अल्बम असतो. गावाकडच्या, विशेषतः बायकांच्या बाबतीत, गोष्ट वेगळी आहे. साठ-सत्तर वर्षे जगलेल्या आजीचा आयुष्यात एकही फोटो निघालेला नाही, हे अगदी परवापर्यंत सर्रास होते. कुणी गेले की तिरडी उठायच्या आधी फोटोग्राफरला बोलवायचे, गेलेल्याला भिंतीला टेकवून बसवायचे आणि पहिला-शेवटचा फोटो काढायचा. मग स्टुडिओवाला त्यावर ब्रशने डोळे उघडून द्यायचा. हे काम करणारे जुने कारागीर सांगतात की चेहरा जमतो, डोळे जमणे अवघड, कारण घरच्यांना नजर ओळखीची वाटावी लागते.

यात सरकारने नकळत मोठी भर घातली. १९९३ साली निवडणूक आयोगाने फोटो असलेले मतदार ओळखपत्र आणले, तेव्हा टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते. शाळेच्या वर्गात बाकावर बसवून लाखो माणसांचे फोटो निघाले. त्यांतल्या कित्येकांचा तो पहिलाच फोटो. पुढे आधार आले. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. त्या कार्डावरचे फोटो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहेत. चेहरा घाबरलेला, उजेड भलतीकडून, मान तिरकी. तरीही आज तालुक्याच्या कोणत्याही स्टुडिओत विचारा. दहाव्याच्या आधी घरचे लोक जे घेऊन येतात ते बऱ्याचदा हेच आधार कार्ड असते.

मग काम सुरू होते. फोटो स्कॅन करायचा, मागचा पांढरा पडदा काढून तिथे बाग किंवा निळे आभाळ टाकायचे. बाई सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठसठशीत हवे, मंगळसूत्र दिसायला हवे, साडी हिरवी. पुरुषाला कोट हवा. कोट हयातभर अंगाला लागलेला नसतो, पण फोटोत हवा. डोक्यावरचा पदर नीट करायचा, पुढे आलेला दात जरा आत घ्यायचा. यावर शहरातून आलेली नात कधी कधी वाद घालते. आजीचा दात तसाच राहू दे म्हणते. मुलगा म्हणतो, आईला तो दात कधी आवडला नाही. दोघांचेही बरोबर असते. स्टुडिओवाला दोन प्रिंट काढतो.

या कामाला कोणी क्रिएटिव्ह फोटोग्राफी म्हणत नाही. ती पदवी आपण डोंगरामागच्या सूर्यास्ताला देतो. मला हे उलटे वाटते. जे कधी नव्हते ते इथे घडवले जाते. तयार फोटोसमोर बसून एक कुटुंब वर्षानुवर्षे जेवते, भांडते, परीक्षेला जाताना पाया पडते. इतकी वर्षे लोकांच्या रोजच्या पाहण्यात राहणारी दुसरी कोणती कलाकृती आहे?

२०२० आणि २०२१मध्ये या स्टुडिओंनी जे पाहिले ते वेगळेच होते. माणूस रुग्णवाहिकेतून गेला आणि परत आलाच नाही, शेवटचे दर्शनही नाही. घरच्यांच्या हाती होता फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. ज्यांना तोंड पाहायला मिळाले नाही त्यांना निदान फोटो लवकर हवा होता, आणि दुकाने तर बंद होती. शटर अर्धे वर करून कामे झाली.

*

एक गोष्ट मात्र या सजवलेल्या फोटोंत होत नाही. माणूस दिसतो, पण त्याचे जगणे दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीचे फोटो लागतात, आणि ते बहुधा फसलेले असतात.

बारशाचा फोटो घ्या. मध्ये पाळणा, भोवती बायका. सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे. तीस वर्षांनी तो फोटो बाहेर निघतो तेव्हा पाळण्यातल्या बाळात कोणाला रस नसतो, ते समोर सोफ्यावरच बसलेले असते. बोट जाते ते कडेला. ही दारात अर्धी कापली गेलेली कोण? ती तर मावशी, तेव्हा सातवा महिना होता तिला. भिंतीवरची ती खुंटी, तिला आप्पांची टोपी. खाली तांब्याचा बंब. आणि कालनिर्णय टांगलेले असेल तर दुधात साखर, महिना कळतो. १९७३ साली निघालेल्या त्या दिनदर्शिकेने मराठी घरातल्या फोटोंवर तारीख टाकायचे काम परस्पर केले आहे. फोटोग्राफरने यातले काहीही मुद्दाम घेतलेले नसते. ते भिंगासमोर होते म्हणून आले.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांची आई १९७७ साली गेली. त्यानंतर ते घरातले फोटो चाळत बसले. शेकडो फोटोंत आईसारखी बाई दिसत होती, आई सापडत नव्हती. शेवटी सापडली ती पाच वर्षांची असतानाच्या एका जुन्या फोटोत, काचेच्या बागघरात भावाबरोबर उभी. फोटोवरच्या त्यांच्या पुस्तकाचा (१९८०) अर्धा भार या एका फोटोवर आहे, आणि त्यांनी तो पुस्तकात छापलेला नाही. वाचकाला तो इतर जुन्या फोटोंसारखाच एक दिसेल, असे त्यांचे म्हणणे. मला हा निर्णय पटतो. सांत्वन करणारा फोटो फार थोड्यांपुरता असतो. तो सगळ्यांना दाखवत सुटले की पातळ होतो.

मराठी घरातला असा फोटो कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीखाली असतो. कधी पाकिटात, घडी पडून मधोमध पांढरी रेघ आलेला. भिंतीवरच्या हाराच्या फोटोशी त्याचा काही संबंध नसतो. वडिलांचा भिंतीवरचा फोटो कोटातला असेल, पण मुलीने जपून ठेवलेला असतो तो विहिरीवर पोहून आल्यावरचा, पंचा गुंडाळलेला.

*

हे कागद टिकतात किती, यातही एक गंमत आहे. पणजोबांचा कृष्णधवल फोटो शंभर वर्षांनंतरही खणखणीत असतो. त्यात जिलेटिनच्या थरात धातूची चांदी असते आणि जाड कागदावर ती तग धरते. मात्र १९७० ते ९०च्या दशकातले रंगीत फोटो लालसर-तपकिरी होत चालले आहेत. त्यांतले रंग रासायनिक असतात आणि निळसर छटा देणारा रंग अल्बमच्या अंधारातही आधी उडतो. आईची मोरपंखी साडी विटकरी झाली असेल तर दोष साडीचा नाही. त्यातून ते चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम. एकेकाळी लग्नात आहेर म्हणून यायचे. त्यांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटोला सोडत नाही. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे जुने अल्बम दिसायला गबाळे होते, पण त्यांनी फोटो वाचवले.

पाण्याचे वेगळे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. सुमारे १५,९०० माणसे गेली, अडीच हजारांहून अधिक अद्याप बेपत्ता आहेत. चिखल उपसताना सैनिकांना आणि स्वयंसेवकांना सगळीकडे फोटो सापडू लागले. कुणी सांगितले नव्हते तरी ते त्यांनी फेकले नाहीत, बाजूला काढून ठेवले. मियागी प्रांतातल्या यामामोतो या एका छोट्या गावातच सुमारे ७,५०,००० फोटो जमले. ते थंड पाण्यात एकेक करून धुतले, मऊ ब्रशने चिखल काढला, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले, कॅमेऱ्याने पुन्हा टिपून संगणकावर घेतले आणि शाळेच्या हॉलमध्ये मांडले. माणसे येऊन आपापले शोधत. घर गेलेले, दुकान गेलेले, आणि ती पेट्यांवर वाकून शेजाऱ्याच्या लग्नाचा फोटो ओळखत होती.

बरेचसे फोटो ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. ओल्या जिलेटिनवर जिवाणू वाढतात आणि चित्र खातात. कडेपासून खायला सुरुवात होते आणि मधले चेहरे शेवटी जातात. छायाचित्रकार मुनेमासा ताकाहाशी आणि त्यांच्या सोबत्यांनी असे पुसट फोटो टाकून न देता जगभर प्रदर्शनांतून मांडले. भिंतभर चौकोन, आणि त्यांत नुसते रंगांचे डाग, क्वचित एखादा हात, एखाद्या मुलाचे गुडघे. ज्याचे कोणी ओळखीचे त्यात नाही तोही त्या भिंतीसमोर थांबतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी घरांत शिरले, तेव्हा ओल्या गाद्यांच्या ढिगांवर अल्बमही होते. वर्तमानपत्रांत नुकसानीचे आकडे आले. अल्बमचे पंचनामे होत नाहीत. ओला अल्बम हाती लागला तर तो बंद ठेवून वाळवू नका, पाने एकमेकांना धरतील. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून फोटो सुटे करा, चोळू नका, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीने काढता येतात.

*

फोटो काढणाऱ्याला काय मिळते, हे राहिलेच.

प्रागचा योसेफ सुदेक (१८९६-१९७६) हा बुकबाइंडिंग शिकलेला तरुण पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून परतला. डाव्या हाताने जड लाकडी कॅमेरे पेलत तो आयुष्यभर फोटो काढत राहिला. १९४०मध्ये शहर नाझींच्या ताब्यात होते, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणे धोक्याचे. मग त्याने आपल्या लहानशा स्टुडिओची खिडकी टिपायला घेतली. काचेवर धरलेले दव, पलीकडे एक वाकडे झाड, चौकटीत पाण्याचा पेला. युद्ध संपले तरी तो थांबला नाही. १९५४पर्यंत तीच खिडकी. कुणाला हा छंद वाटेल, कुणाला जप. मला तो जपाच्या जवळचा वाटतो. तेच नाव पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी उजेड वेगळा.

आपल्याकडे वारीचे फोटो पुष्कळ निघतात. हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या फोटोंचे उद्धव ठाकरे यांचे 'पहावा विठ्ठल' हे पुस्तक भव्य आहे. दिवे घाटात वळणारी माणसांची रांग वरून पाहिली की छाती दडपते. संदेश भंडारे यांचे वारीवरचे पुस्तक जमिनीवरून, माणसांच्या उंचीवरून पाहते. दोन्ही आपापल्या जागी. पण घरातले कोणी वारीला गेले असेल तर वरून काढलेल्या फोटोत ते शोधता येत नाही. माझे मत जमिनीच्या बाजूने आहे. श्रद्धा कशी दिसते हे पाहायचे असेल तर मला मुक्कामावर तळपायाला तेल लावत बसलेली बाई पाहायची आहे.

आणि रोजच्या रोज खिडकी टिपणारे सुदेक आपल्या घराघरांत झाले आहेत. सकाळी देवपूजा झाली की फुलांनी सजवलेल्या देव्हाऱ्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणाऱ्या आया-आज्या. तुळशीपुढची रांगोळी, गॅलरीतले पहिले जास्वंद, संकष्टीचे मोदक. तरुण मंडळी हे फोटो न उघडता पुढे सरकवतात, आणि 'शुभ सकाळ'ची टवाळी मीही केली आहे. पण त्या देव्हाऱ्याच्या फोटोत एक निरोप असतो. मी उठले, आंघोळ झाली, गुडघे चालताहेत, आज फुलेही काढून आणली. पुण्यात, सिंगापूरला किंवा न्यू जर्सीत असलेली मुलगी तो फोटो पाहून कामाला लागते. एखाद्या दिवशी तो दहापर्यंत आला नाही तर ती फोन करते. नवरा गेल्यावर बायका हे जास्त करू लागतात, असे मी पाहिले आहे. चहा एकटीचा झाला तरी रांगोळी कोणीतरी पाहणार असते.

अडचण वेगळीच आहे. हे हजारो फोटो मोबाइलमध्ये राहतात आणि मोबाइल दर तीन-चार वर्षांनी बदलतो. भिंतीवर त्यांतला एकही येत नाही. उद्या त्या आईचा फोटो लावायची वेळ आली तर मुलगी पुन्हा आधार कार्डच शोधेल, कारण देव्हाऱ्याच्या शेकडो फोटोंत ती स्वतः कुठेच नाही. फार तर समईच्या पितळेत मोबाइल धरलेली एक आकृती दिसेल.

म्हणून या दिवाळीपुरती एक विनंती. फराळ झाला की भाऊबिजेला घरातला जुना डबा किंवा अल्बम काढा आणि घरातल्या सगळ्यांत वडील माणसाजवळ बसा. मधल्या माणसांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात, विचारा कडेच्यांची. दारात उभा असलेला गडी कोण, कुणाच्या कडेवरचे मूल कुणाचे, मागे दिसते ते घर कोणत्या आळीतले. उत्तरे फोटोच्या मागे लिहा: नाव, गाव, साल, सांगणाऱ्याचे नाव. मोबाइलमधले निदान दहा फोटो निवडून स्टुडिओतून कागदावर काढून घ्या, आणि त्यांतल्या एकात रोज फोटो काढणारी व्यक्ती असू द्या. लिहायला मऊ शिशाची पेन्सिल वापरा, हात हलका ठेवा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.